माझं विमान आणि चाचांचा कान

मराठवाड्यात आजवर जेवढी इंजिनं बंद पडली, त्यातली निम्मी केवळ नांदेडच्या चाचांना भेटायच्या ओढीनं बंद पडली असावीत, असं माझं ठाम मत आहे. चाचा माझे रक्ताचे कुणी नव्हते. मी नांदेडात शिकवण्या घेत होतो तेव्हा माझ्याकडे तिसऱ्या हाताची मोटारसायकल होती, आणि ती रस्त्यापेक्षा चाचांच्या दुकानातच जास्त रमायची. पार बिलोलीपासूनचे ट्रॅक्टर त्यांच्याकडे झिजलेले सिलिंडर आतून कातून बोअर करायला यायचे. चाचा आधी इंजिनाला सलाम करत, मग मालकाला. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी बोललं की ते डोळे न उघडता म्हणत, "थांबा, ह्ये बोलून राहिलंय. तुमचं नंतर." एका पुढाऱ्याची जीप त्यांनी याच वाक्यावर अर्धा तास उभी ठेवली होती. नव्या मालावर त्यांचा विश्वास नव्हता. "कंपनीत दाखवा" हे शब्द त्यांच्या दुकानात शिवीसारखे होते. कुणी उच्चारले की त्याचा चहा बंद.

मात्र एक शब्द ते स्वतःही फार जपून वापरत. तो म्हणजे "टिकंल". लातूरच्या भूकंपाच्या आधी त्यांच्या औशाकडच्या सासुरवाडीत एका दगडी भिंतीला चीर गेली होती. चाचांनी ती स्वतः भरली, वर हात फिरवला आणि बायकोला म्हणाले, "टिकंल." भूकंपाच्या पहाटे ती माहेरीच होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, माझ्या कार्बोरेटरकडे बघत. त्यानंतर त्यांच्या तोंडून "टिकंल" ऐकायला गिऱ्हाइकाला चार चार चकरा माराव्या लागत, आणि एकदा ऐकलं की माणूस निर्धास्त बैलगाडीसुद्धा विकून टाकी.

पुढे मी लातुरात क्लास काढला. ते दिवस असे होते की गल्लीत दगड मारला तर तो एक तर क्लासच्या पाटीला लागे, नाही तर सरांना. शेजारच्या सरांनी पहिल्या येणाऱ्याला स्कूटर जाहीर केली, त्यांच्या समोरच्यांनी कार. मग मी विमान जाहीर केलं. म्हणजे विमानातून लातूरभर एक चक्कर. भाड्यानं आणलं असतं तरी चाललं असतं, पण डोकं ठिकाणावर असतं तर मी क्लास कशाला काढला असता? परराज्यातल्या बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबचं दोन आसनी विमान मी विकत घ्यायला निघालो.

त्याचे चारही सिलिंडर झिजले होते. नवे टाकायचे की दुरुस्त केलेले, एवढाच प्रश्न होता. सल्ल्याला चाचांना घेऊन गेलो. विमानाला हात लावायचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, पण कानाला परवाना लागत नाही. शिवाय ज्यांची हयात जुने सिलिंडर बोअर करण्यात गेली, ते माझ्याच बाजूनं बोलतील अशी मला खात्री होती.

दलालानं रंगवलेले, चकचकीत सिलिंडर मांडले. चाचांनी विचारलं, "किती तास चाललेत?"

"दुरुस्तीनंतर शून्य तास."

"अन् त्याच्या आधी?" दलालानं दाखला पुढं केला. चाचांनी आपल्या लाल दाढीवरून हात फिरवला. "मेहंदी लावल्यापासून माझं बी वय शून्य धरायचं का? सर, नवे घ्या."

मी हसलो. "चाचा, तुम्हीच असं म्हणता? अहो, माझी रिपीटर बॅच बघा. एकदा नापास झालेलं पोरगंच पुढं चमकतं."

"रिपीटर पुन्हा नापास झाला तर पुन्हा बसतो. ह्याच्यात बसलेला पुन्हा बसत न्हाई. ट्रॅक्टर बंद पडला तर खाली उतरता येतं, सर."

पण दुरुस्त सिलिंडरांच्या दाखल्यावर तीन रंगांचे शिक्के होते, आणि आयुष्यभर असलेच दाखले भिंतीवर टांगत आलेला मी, शिक्क्याला भुललो. जुनेच बसवले. वर पत्रकात छापलं: 'नांदेडच्या जाणत्या मिस्त्रींनी पारखलेलं विमान. मिस्त्री म्हणतात, टिकंल!'

ते पत्रक नांदेडला पोचलं. उड्डाणाच्या सकाळी चाचा एसटीनं धावपट्टीवर हजर. वैमानिकानं इंजिन तापवून नुकतंच बंद केलं होतं, आणि त्याचा आवाज चाचांनी फाटकातूनच ऐकला होता. पहिली आलेली रेणापूरची पोरगी नव्या ड्रेसमध्ये आत बसली होती, बाहेर तिचे आईवडील हात जोडून उभे. चाचा आले आणि चाकाला पाठ लावून खाली बसले.

"तिसऱ्याचा श्वास फाटून राहिलाय. लेकराला उतरवा, सर. मी टिकंल म्हणलं नव्हतं."

सगळे पालक माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, वर्गात हशा पिकवण्याबद्दल प्रसिद्ध असलेला मी, बोलून गेलो, "मनावर घेऊ नका हो. भूकंपात भिंत पडल्यापासून चाचांना सगळीकडं चिराच दिसतात!"

हशा पिकला. चांगला पिकला.

चाचा उठले, पायजमा झटकला आणि फाटकाकडे चालू लागले. हसला नाही तो फक्त वैमानिक. त्यानं पोरीला खाली उतरवलं आणि सोबतच्या इंजिनिअरला सिलिंडर तपासायला लावले. तिसऱ्यात हवा भरून वरून साबणाचा फेस सोडला. रंगाखाली वेल्डिंगनं बुजवलेली चीर होती. तिच्यातून बारीक बुडबुडे येत राहिले, एकामागून एक. मी फाटकाकडे बघितलं. एसटी गेली होती.

विमान काही उडलं नाही. पोरीला मी स्कूटर दिली. पुढच्याच आठवड्यात नांदेडला गेलो, माफी मागितली. "बसा, सर, चहा घ्या," चाचा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

निघताना मी मुद्दाम मोटारसायकल सुरू करून त्यांच्यापुढं उभी केली. "चाचा, जरा ऐका ना. काय म्हणते?"

पेचकस त्यांच्या हाताशीच होता. त्यांनी तो उचलला, फडक्यानं सावकाश पुसला आणि पुन्हा फळीवर ठेवला.

"कंपनीत दाखवा, सर," ते म्हणाले.

अजूनही गाडीत कुठं खट् झालं की मी डोळे मिटून ऐकायला बसतो. मला नुसता आवाज येतो.