आत्या गुणगुणते तेव्हा

इस्पितळात एक वावडी आहे. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई मायक्रोस्कोपला डोळे लावून गुणगुणल्या की पेशंट सुटला, आणि गप्प बसल्या की संपलं. नातेवाईक दाराबाहेरच्या बाकावर कान टवकारून बसतात.

"ऐकलंस? गातायत!"

"अहो, खोकल्या त्या."

बाई बराच वेळ गप्प म्हणून एका काकांनी तर बाकावरच गळा काढला होता. बाई तेव्हा बिस्कीट खात होत्या.

खरं म्हणजे सगळं उलटं आहे. या बाईंना, म्हणजे आत्याला, कळलं की ती गप्प होते, कळत नसलं की गुणगुणते. सूर नाकातला, कुठल्याच गाण्याचा नाही, बंद पडायला आलेल्या पंख्याचा. तिची भाची (हा मजकूर तिच्याच हातचा) तो हुबेहूब काढते आणि जेवताना पाठीत धपाटा खाते.

आत्याचं काम असं. पोटातून, आतड्यातून चिमट्याने काढलेले कणीएवढे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्यांचे पापुद्रे कापून, रंगवून काचेवर घेतात. त्यात कर्करोग आहे का, असला तर कुठल्या जातीचा, हे तिने सांगायचं. आतड्याच्या अस्तरात संप्रेरकं बनवणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात आणि त्यांच्याही गाठी होतात. बहुतेक गाठी संथ, वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या. एक जात मात्र वणवा. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे.

त्या शुक्रवारी तिच्यासमोर आलेली काच तिच्या धाकट्या भावाची होती, म्हणजे भाचीच्या बापाची. लहान आतड्याच्या शेवटाला गाठ, यकृतात डाग. दुसऱ्या एका लॅबने लिहून दिलं होतं: वणवा. सोमवारपासून जहाल औषध सुरू होणार होतं.

घरच्यांच्या काचेवर सही करायची नाही हा आत्याचा नियम. सही वरच्या मजल्यावरचे सर करणार होते. बघायचं नाही, असा नियम मात्र कुणीच केलेला नव्हता.

सकाळभर ती गुणगुणत राहिली.

बाहेर बाकावर भाऊ खूश. "ताई गातेय! सुटलो बघा!" शेजारच्या आजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कुणीतरी त्याला पंख्याखालची जागा दिली. आत भाची मात्र आत्याच्या स्टुलाला चिकटून उभी होती. त्या सुराचा अर्थ तिला माहीत होता.

"काय दिसतंय?"

"चिरडलेलं," आत्या म्हणाली. "चिमटा घट्ट बसला की या पेशी चिरडल्या जातात. केंद्रकं शाई फरफटल्यासारखी लांबतात. मग संथ गाठसुद्धा वणव्यासारखी काळीकुट्ट दिसते."

"म्हणजे त्या लॅबवाल्यांची चूक!"

"किंवा खरंच वणवा आहे आणि मला दिसायला नकोय." तिने काच जराशी सरकवली. "या कडेला चार पेशी धड आहेत. गोल, रवाळ, शांत. पण चार पेशींवर मी भावाचा जीव टांगू?"

एकच उपाय होता. एक खास रंग असतो, त्यात वाढीला लागलेल्या पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, बाकीची निळी राहतात. वणव्यात जवळजवळ सगळंच तपकिरी. पण त्यासाठी नवा पापुद्रा हवा, आणि ठोकळा पहिल्या लॅबने कापून कापून संपवत आणला होता. नवा तुकडा काढायचा तर भावाचं रक्त पातळ ठेवणारं औषध आधी थांबवायला हवं, आणि तेवढं थांबायला कुणी तयार नव्हतं.

ठोकळे कापणाऱ्या माणसाला सगळे पातळकाका म्हणतात. त्याने ठोकळा उजेडात धरला. "मॅडम, यात आहे काय? नुसतं मेण."

"निघेल?"

"एक निघेल. फाटला तर माझं तोंड बघू नका."

ठोकळा बर्फावर गार झाला. पंखा बंद केला, कारण पापुद्रा फुंकरीनेही उडतो. काकाने चाक हळूच फिरवलं. भाचीला नेमकी तेव्हाच शिंक आली. आत्याने तिचं नाक असं दाबलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुढे थांबेचना. मेणाची झिरझिरीत पट्टी कोमट पाण्यावर तरंगली, एका कडेला दुमडली, काकाने ब्रशच्या टोकाने उलगडली आणि काचेवर उचलली.

"आता देवाला सांगा," काका म्हणाला.

"देवाला रंग चढवता येत नाही. तू चढव."

रंग चढेपर्यंत दोघी स्टुलांवर बसून राहिल्या. आत्याने चहा केला आणि प्यायला विसरली.

"वाईटच आहे ना?" भाची म्हणाली. "तुझ्या आवाजावरून कळतं मला."

"माझ्या आवाजाला अजून काहीच कळलेलं नाही."

"पैज लाव. वाईटच निघणार."

"मूर्ख आहेस का? बाप आहे तो तुझा."

"म्हणून तर! लाव ना गं!"

आत्याने तिच्याकडे बघितलं. हरण्यासाठीच लावलेली पैज तिला ओळखू आली असावी. "हरलीस तर माझी नक्कल बंद. कायमची."

"आणि तू हरलीस तर?"

आत्याने गार चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

काच आली. आत्याने डोळे लावले. पंख्याचा सूर सुरू झाला, घरघरला, आणि मध्येच तुटला.

बाहेर बाकावरच्यांनी दाराला कान लावले. मग भावाचा आवाज, मघाच्या निम्माही नसलेला: "गप्प झाली."

आत्या हलेना. भाचीला एवढंच माहीत होतं की आत्याला कळलं आहे. काय कळलं, ते त्या पाठीवरून वाचता येत नव्हतं.

"इकडे ये," आत्या म्हणाली. "तपकिरी किती दिसतंय?"

भाचीने डोळा लावला. डोळ्यातलं पाणी आधी पुसावं लागलं. "निळंच आहे सगळं. तपकिरी कुठेतरी एखादा ठिपका."

"हं."

सर खाली आले, बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी सही केली. संथ जात. यकृतातले डाग काही पुसले जाणार नव्हते. शस्त्रक्रिया, इंजेक्शनं, पुन्हा पुन्हा तपासण्या, हे सगळं आता जन्माला चिकटलं होतं. पण तो जन्म होता, आणि सोमवारचं जहाल औषध टळलं होतं.

बाहेर भाऊ दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. त्याला आतूनच खूण द्यावी, म्हणून भाचीने श्वास घेतला आणि नाकात सूर भरला.

आत्याने बोट वर केलं. "पैज."

मग भाचीला दार उघडून स्वतःच्याच आवाजात सांगावं लागलं, आणि तो आवाज तिला त्या दिवशी अजिबात काढता येईना.