हीटरवाल्यासाठी पोहे
थंडीत पहिल्यांदा हीटर लावला की जळक्या धुळीचा वास येतो आणि मला अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या आमच्या आत्याबाई आठवतात. यजमान गेल्यापासून एकट्या राहायच्या, विसरायच्या. हीटरच्या देखभालीचा महागडा प्लॅन कुणीतरी त्यांच्या गळ्यात मारलेला. मी फोनवर भांडून तो कॅन्सल केला आणि लढाई जिंकल्यासारखी मिरवले. "अगं, पण तो दर वर्षी येतो ना तपासायला," आत्या पुटपुटल्या. "लुटतात हो तुम्हाला!" मी ठणकावलं. पुढच्या थंडीत गेले, तर आत्या ठेवणीतली साडी नेसून खिडकीशी आणि ओट्यावर पोहे झाकलेले. "हीटरवाला येईल. मिरची नाही घातली, त्याला सोसत नाही. बसतो घटकाभर, यांच्याबद्दल विचारतो." तो येणार नाही, हे सांगायला माझी जीभ रेटेना. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी वाट बघत बसलो. आता सून माझं काही कॅन्सल करायला निघाली, की मी आधी तिचा फोन लपवते.