वर कोण हाय?

सत्तर सालाच्या आसपास चंदगडच्या डोंगरात तोडायच्या झाडांवर शिक्का मारायचं काम माझ्याकडं होतं. तिथल्या लाकूडतोड्यांत पिकल्या मिशांचा एक काटकुळा गडी होता. घाव घालण्याआधी तो कुऱ्हाडीचा दांडा खोडावर तीनदा आपटायचा आणि ओरडायचा, "वर कोण हाय? उठा!" बाकीचे हसायचे. तो वर बघत थांबायचा, मगच कुऱ्हाड उचलायचा.

एकदा त्याच्या हाकेसरशी जांभळाच्या ढोलीतून निळ्या पाठीचा, केशरी छातीचा माशीमार भुर्रकन बाहेर पडला. त्यानं हवेतच माशी टिपली आणि ती घेऊन पुन्हा ढोलीत शिरला. आत पिल्लं चिवचिवली. त्या गड्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

मुकादम तापला. "अरं, पाखरापायी काम थांबवतोस व्हय? हो बाजूला, दुसरा तोडंल."

"मी इचारलं, त्यानं न्हाय म्हणलं," असं म्हणून तो खोडाला पाठ लावून बसला. "आता दुसऱ्यानंबी तोडायचं न्हाय."

रोज तो भोवतालची झाडं तोडायचा, पण भाकरी खायला त्याच खोडाशी यायचा. कुऱ्हाड घेऊन कुणी तिकडं वळलं की उठून आडवा उभा राहायचा.

पिल्लं उडाली त्या सकाळी त्यानं दांडा पुन्हा तीनदा आपटला, हाक दिली. वर काही हललं नाही. मग पहिला घाव त्यानंच घातला, सगळी ताकद लावून, नेमका शिक्क्यावर.

तो शिक्का माझा होता. मारताना मी वर बघितलं नव्हतं. त्या सगळ्या रानात एकदाही बघितलं नव्हतं.