तीन पंख्यांचं कार्ड

बनारसला उन्हाळा फार, म्हणून मी तीन पंख्यांचं कार्ड घेतलं. दोन पंख्यांचंही होतं. पण घ्यायचंच तर वारा तरी भरपूर मिळावा!

हे कार्ड कम्प्युटरच्या पोटात बसतं आणि त्याच्यामुळे खेळातली चित्रं खरी वाटतात. एवढं मला कळतं. माझी नात मैथिली पुण्याहून दर रविवारी फोन मला लावायची आणि बोलायची खोलीतल्या मैत्रिणीशी. एक कार्ड थंड डोक्याचं, वीज कमी खाणारं. दुसरं दांडगं, पण भट्टीसारखं तापणारं. याची मेमरी जास्त, त्याचं नाव मोठं. कित्येक महिने हेच! माझं लग्न ठरवताना आमच्याकडे मुलाची एवढी चौकशी कुणी केली नव्हती. (केली असती तर बरं झालं असतं. जाऊ दे, ते गेले त्यालाही पुष्कळ वर्षं झाली.)

ते गेल्यावर मी घाटावर क्रियाकर्माला येणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना जेवण करून घातलं, त्यावर घर चाललं. रडायला सवड नव्हती, पोळ्या करपायच्या. मुलाची बदलीची नोकरी, म्हणून मैथिली बारावीपर्यंत माझ्याजवळ वाढली. मग ती शिकायला पुण्याला गेली आणि घर इतकं गप्प झालं, की मी भाजीशी बोलायला लागले. भाजी ऐकून घेते, नाही असं नाही. पण दोडका किती बोलणार?

सुट्टीत ये म्हटलं तर म्हणायची, "आजी, तिथला कम्प्युटरचा डबा म्हातारा झालाय गं. काहीच चालत नाही त्याच्यावर. मी काय करू तिथे येऊन?"

मी आहे ना, असं ओठावर यायचं. पण मीही त्याच वर्गातली, म्हातारी.

मग विचार केला, वासरू गोठ्यात बांधलं की गाय सांजेला आपण होऊन येते. कार्ड इथे आणून बांधायचं.

धाकटे दीर, विष्णुभाऊजी, रेल्वेतून रिटायर झालेले, गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांना घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "गेम कौन खेलेगा?" भाऊजींचं लक्ष पंख्याखालच्या खुर्चीकडे. त्यांनी खुशाल माझ्याकडे बोट दाखवलं. दुकानदार बिचारा उठून उभाच राहिला.

त्यानं दोन्ही कार्डं समोर मांडली आणि बराच वेळ समजावलं. भाऊजी श्राद्धातले मंत्र ऐकावे तशी मान हलवत होते. मी आपली पद्धत वापरली. ठठेरी बाजारात पितळेचं पातेलं घेताना करते तसं एकेक कार्ड हातावर तोललं, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. दुकानदारानं डोळे मिटून घेतले.

"वहिनी, हलकं घ्या. वीज कमी खातं म्हणतोय तो."

"खाऊ दे की. खाणाऱ्याला कमी वाढलं, असं माझ्या घरात झालं नाही."

फोनवर मैथिलीला सांगितलं, कार्ड आणलंय, मोठं. मग पोर म्हणाली, सोमवारी निघते. (चार वर्षं मी आंब्याच्या लोणच्याचं आमिष दाखवत होते!)

ती आली आणि स्क्रू फिरवायचा पेचकस घेऊन बसली. कार्ड डब्यापेक्षा लांब. डब्याची एक बाजू बंदच होईना. तशीच उघडी टाकून, टेबलाखाली सरकवून दमून झोपली.

सकाळी आंघोळ करून आले. घरात नवी वस्तू आली की हळदकुंकवाशिवाय वापरायची नाही. शिलाई मशीन आलं तेव्हा वाहिलं, गॅस आला तेव्हा वाहिलं. वाकून एकेका पंख्यावर सढळ हातानं हळद, कुंकू, अक्षता घातल्या. नमस्कार केला. म्हटलं, बाई, पोरीला इथे धरून ठेव.

मैथिलीनं उठून बटण दाबलं. आधी काहीच झालं नाही. ती खेळात शिरली, कार्ड तापलं आणि तिन्ही पंखे एकदम सुटले! खोलीत तांबडा ढग. अक्षता डब्यात लाह्यांसारख्या ताडताड उडायला लागल्या. पोर लाल, भिंत पिवळी, आणि कौतुक बघायला धुवट धोतर नेसून आलेले भाऊजी दोन्ही. पडदा काळा पडला.

भाऊजी धोतर झटकत म्हणाले, "वहिनी, दुसरं घेतलं असतं तर एका पंख्याचं तरी वाचलं असतं."

मैथिली लाल तोंडानं कार्ड मांडीवर घेऊन बसली. म्हटलं, आता ही पिशवी उचलणार.

"आजी," ती म्हणाली, "बारीक ब्रश आहे का गं?"

देव घासायचा ब्रश दिला. गच्चीवर बसलो. ती एकेक पातं साफ करत होती, मी तिच्या केसांतलं कुंकू काढता काढता तेल घालत होते. मान खाली घालून पोर बोलायला लागली. एका विषयात नापास झालीय, बापाला सांगितलेलं नाही. रविवारी खोलीत सगळ्यांच्या घरून फोन येतात, तेव्हा फार एकटं वाटतं तिला. मी गप्प ऐकत होते, दोडक्यासारखी. वाटलं, कुंकू आणखी मूठभर घातलं असतं तर बरं झालं असतं.

पण माझंच नशीब, संध्याकाळी कार्ड चालू झालं. मग उरलेले दोन दिवस कानाला ते हेडफोनचं डबडं लावून ती खेळातच. मी मागे बसून घास भरवत होते. तक्रार नाही. पाठ तर दिसत होती.

निघायच्या सकाळी ती घुटमळली. "आजी, हे इथल्या डब्यात मावतच नाही बघ. उघडं राहून खराब होईल. माझ्या पुण्याच्या डब्यात बरोबर बसेल. नेऊ?"

"ने की," मी म्हटलं. नको म्हणायला जीभ वळायला हवी ना.

जिच्या ओढीनं पोर घरी यावी म्हणून आणली, ती वस्तू मीच जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळली, धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाडवांचे डबे लावले, पिशवीत नीट बसवली आणि वर तिलाच विचारलं, "जड नाही ना होणार गं?"