विहिरीच्या पाळीची टिक

पहिला घाव पान्याचा होता. दादाचा उजवा हात व्हॉल्व्हच्या चाकावर होता आणि धाकट्यानं पाइप पाना त्या हातावर आणला. आवाज लोखंडाचा आला, कारण बोटांखाली लोखंडच होतं. दुसरा घाव दादाचा. डाव्या हातानं उचललेलं फावडं धाकट्याच्या कानामागं बसलं. मी विहिरीपासून वीस पावलांवर उभी होते. माझ्या या दोन भावांत मारामारी होऊ नये म्हणून जी व्यवस्था लागते, ती दीड महिन्यापूर्वी मीच लावून दिली होती.

मी मुरुमला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. माझ्या मोबाइलमध्ये याद्या करायची चार ॲप आहेत आणि चौथं का ठेवलं हे मी कोणालाही दोन मिनिटांत सांगू शकते. सकाळी चहा उकळेपर्यंत मी सॉफ्टवेअरच्या बातम्या वाचते. कशाची नवी आवृत्ती आली, तिच्यात काय वाढलं, काय गुपचूप काढून टाकलं. नवीन ॲप हातात आलं की तीन गोष्टी तपासते: रेंज नसताना चालतं का, मराठी अक्षरं मोडत तर नाहीत, आणि कोणी काय कधी बदललं याची नोंद राहते का. तिसऱ्या गोष्टीला सगळ्यात जास्त गुण. ‘मी हात लावला नाही’ हे ऑफिसातलं वाक्य त्या नोंदीपुढं टिकत नाही.

माहेर माकणीजवळ. धरण जवळ असलं तरी आमचं रान चढावर, कालवा तिथवर येत नाही. विहीर एक आणि भाऊ दोन. उन्हाळ्यात ती चार तास पाणी देते आणि मग भरायला दुसरी सकाळ उजाडते. म्हणून एक दिवस दादाच्या उसाला, एक दिवस धाकट्याच्या भुईमुगाला. ज्याची पाळी चुकली त्याचं पीक दोन दिवस उन्हात तळतं.

या पाळीची वडिलांनी घालून दिलेली एक रीत होती. स्टार्टरच्या पेटीच्या दारावर खडूनं लिहिलेलं: थोरला, धाकटा. ज्यानं मोटार चालू केली त्यानं आपल्यापुढं रेघ ओढायची. रेघ ओढली की पाणी त्याचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं ती पुसून आपली ओढायची. पण खडू पुसला जातो. पान्याच्या घावाच्या आदल्या उन्हाळ्यात एक रेघ अशीच गेली. वाऱ्यानं की कोणाच्या बाहीनं, ते कळलं नाही. धाकट्यानं दगडानं पेटीचं दार चेपवलं आणि दादानं त्याला बांधावर पाडून तोंडावर गुडघा दिला. धाकट्याचा पुढचा दात त्या दिवशी गेला. त्यानं तो मातीतून शोधून खिशात घातला आणि घरी जाऊन दादाच्या बायकोपुढं, वहिनीच्या परातीत टाकला.

पुढचा उन्हाळा लागताच मी ठरवलं, खडू बंद. दोघांना जेवायला एकत्र बसवलं आणि मोबाइलवर सामायिक यादी करून दिली. दिवस, नाव, समोर चौकोन.

“चौकोनात बोट लावलं की टिक पडते,” मी म्हणाले. “कोणी पुसली तर कोणी पुसली तेही दिसतं.”

“आन् मोबाइल हिरीत पडला तर?” दादानं विचारलं.

“पडू द्या की,” धाकटा म्हणाला. “हीर भरंल तरी.”

दादा हसला. त्या दातानंतर दोघं एका ताटाशेजारी बसून हसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. महिनाभर यादी बिनबोभाट चालली. मी मुरुमला बसून नोंद बघायची. टिका रोज सकाळी सव्वासहाच्या आसपास पडायच्या. दोघं किती शिस्तीचे, असं मला वाटायचं. मोटार चार तास चालते, मग काम सव्वासहाला पूर्ण कसं होईल, हा हिशेब मी केला नाही. दुसऱ्याच्या यादीत मी तो पहिल्या झटक्यात केला असता.

मग ती बातमी आली. आमच्या ॲपची नवी आवृत्ती: फिरत्या पाळीचं काम एकानं टिक केलं की ते आपोआप पुढच्या माणसाकडं जाईल आणि त्याला लगेच संदेश मिळेल. शुक्रवारी संध्याकाळी मी ती सोय चालू केली. दोघांपैकी कोणाला विचारलं नाही, कळवलंही नाही. कशाला कळवायचं, कामच सोपं होतंय, असा माझा विचार.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीनं गावी गेले. वहिनीनं दादासाठी भाकरी बांधून दिली होती, ती घेऊन रानात पोचले तर धाकटा मोटारसायकल आडवी टाकून विहिरीकडं चाललेला. त्यानं पेटीशेजारच्या खिळ्यावरचा पाना काढला, उसाकडचा व्हॉल्व्ह बंद केला आणि आपल्याकडचा ढिला करायला लागला.

दादा पाटावरून वर आला. “पाणी का तोडलंस?”

“तुमची पाळी संपली.”

“आत्ताशी दोन सऱ्या भिजल्यात.”

“मोबाइल बघा. तुमीच सकाळी लिव्हलंय, काम पूर्ण. मला संदेश आलाय, आता तुमची पाळी म्हणून. लिव्हायचं एक आन् चोरायचं एक.”

“चोर कुणाला म्हणतोस? मोबाइल तुझ्या बापाचा हाय का?”

“बाप तर एकच हाय आपला.”

दादानं व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला. “म्हणून तर सांगतो, बाजूला हो.”

“हात काढ,” धाकटा म्हणाला.

काढा नाही, काढ. धाकटा जन्मापासून दादाला तुम्ही म्हणत आला होता. दात गेला त्या दिवशीही त्यानं ‘तुमी मारलं’ असंच म्हटलं होतं. दादाचा चेहरा त्या एका अक्षरानं बदलला. त्यानं हात काढला नाही. पाना खाली आला.

नंतर फावडं. नंतर दोघं खाली चिखलात. दादानं चेचलेला हात पोटाशी धरलेला आणि डाव्या हातानं तो धाकट्याचं डोकं पाटाच्या दगडी काठावर आपटत होता. धाकट्यानं त्याच्या दंडाला चावा घेतला आणि सोडला नाही. कोणी ओरडत नव्हतं. नुसता श्वास आणि चिखलाचा आवाज. मी भाकरीचं फडकं सोडलं, मोटार बंद केली आणि दादाच्या कमरेला धरून ओढलं. त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. तरी मी सोडलं नाही. पाटातलं पाणी दोन हात लांब लाल झालं होतं आणि तसंच भुईमुगाकडं निघालं होतं.

माझं डोकं चालत होतं. फडकं धाकट्याच्या कानामागं, माझी ओढणी दादाच्या हाताला, शेजारच्या रानातली जीप. दोघांना एका जीपमध्ये बसवलं, मी मध्ये बसले. उमरग्याच्या दवाखान्यात धाकट्याला टाके पडले. दादाला सोलापूरला नेलं. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट काढावं लागलं, मधलं राहिलं पण वाकत नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातले हवालदार जबाब घ्यायला खाटेशी आले. दादाच्या जबाबावर धाकटा आत जाणार की बाहेर राहणार, ते ठरणार होतं. त्याचा भुईमूग आऱ्या सोडायला लागला होता, शेंग धरायच्या या दिवसांत पाणी चुकवून चालत नाही, आणि घरात दुसरा पुरुष नव्हता.

“त्याला आतच घालतो,” दादा रात्रभर म्हणत होता.

मी मोबाइल उघडून त्याच्यापुढं धरला. नोंदीत दोन ओळी होत्या. सहा वाजून सतरा मिनिटं, थोरला, काम पूर्ण. सहा सतरा, धाकट्याला संदेश, आता तुमची पाळी.

“म्या कुठं पूर्ण केलं?” दादा म्हणाला. “म्या मोटार चालू केली आन् खूण केली. रेघ ओढावी तशी.”

“ॲपमध्ये टिक म्हणजे संपलं, दादा.”

“मग आधी का न्हाय सांगितलंस?”

“तुम्ही टिक कधी करता, ते मी विचारलंच नाही.”

हवालदारांनी पेन थांबवलं. “टिक म्हणजे नेमकं काय लिहू?”

“सुरू,” दादा म्हणाला.

“संपलं,” मी म्हणाले.

“बाई, जबाबात दोन अर्थ चालत नाहीत. एक सांगा.”

दादानं पट्टीतल्या हाताकडं बघितलं. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता.

“टिकेचं राहू द्या,” दादा म्हणाला. “लिव्हा, नळ आवळताना पाना निसटला.”

“आणि भावाच्या डोक्याला?”

“त्यो दगडावर पडला.”

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. खोट्या नोंदीला दिलेली माझी ती पहिली साक्ष.

ते गेल्यावर दादा म्हणाला, “म्या त्याला सोडलं न्हाय. जबाब तेवढा सोडला.”

ते खरं निघालं. याला आता दोन उन्हाळे झाले, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. यादी मी त्याच आठवड्यात काढून टाकली. दाराला परत खडू टांगला आहे, नावं पुन्हा लिहिली आहेत. दादा डाव्या हातानं रेघ ओढतो, ती तिरकी जाते. धाकटा लांबून ती बघतो आणि मागं फिरतो.

पाना त्याच खिळ्यावर आहे. माझ्या यादीत तेव्हापासून एक काम आहे: पाना घरी आणणे. दर खेपेला मी तो काढायला जाते. परवाही गेले, खिळ्यावरून उतरवला, पिशवीत घातला.

“राहू दे तिथंच,” दादा उसातून म्हणाला. “नळ गळतोय. लागतो.”

धाकटा आपल्या बांधावर उभा होता. त्यानंही मान डोलावली. मी पाना परत खिळ्याला लावला.