कारल्याचा मांडव

मी एसटीत कंडक्टर होते. गावं पुष्कळ पाहिली, पण बहुतेकांचं फक्त स्टँडच. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता कुठेतरी उतरायचं आणि राहायचं. रोह्याकडे, कोलाडजवळच्या एका शेतावर काम केलं की राहण्याजेवणाची सोय होते असं कळलं, म्हणून फोन लावला. पलीकडच्या बाईने आधी वय विचारलं, मग म्हणाली, "झेपंल का?"

"भरल्या गाडीत उभ्याने तिकिटं फाडलीत," मी म्हटलं. "तुझ्या शेतात का नाही झेपणार?"

ती हसली आणि मी पिशवी भरली.

शेत कालव्याच्या पाण्यावरचं. भात निघालं की तिथे कारली लावायची. लाकडी खांब, वर तारेची जाळी आणि जाळीभर पसरलेले वेल. भर उन्हातही मांडवाखाली सावली असायची आणि डोक्यावर कारली लोंबत असायची. मालकीण माझ्या मुलीच्या वयाची. नवरा नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जायचा, त्यामुळे शेतातला शब्द तिचाच.

माझ्यासारखे आणखी दोघे आलेले होते. एक केरळचा तरुण, सायकलवरून गुजरातला निघालेला. गुडघा दुखायला लागला म्हणून इथे थांबला होता. दुसरी इंदूरची दातांची डॉक्टर. पहिल्या दिवशी ती गांडुळाला घाबरून किंचाळली होती आणि चौथ्या दिवशी तेच गांडूळ बोटावर घेऊन फोटो काढत होती. आम्हा तिघांची भाषा म्हणजे मोडकी हिंदी आणि हातवारे. रात्रीच्या भाकरीला तेवढं पुरायचं. सायकलवाला मला आंटी म्हणायचा, डॉक्टर दीदी.

एका दुपारी आम्ही कारली काढत असताना आभाळ भरून आलं. पाऊस नावापुरता पडला, पण वारा असा सुटला की आम्ही पळत पंपाच्या खोलीत शिरलो. वारा थांबल्यावर बाहेर आलो तर कालव्याकडचा अर्धा मांडव खाली बसला होता. खांब आडवे, वेल मातीत.

मालकीण बांधावरच बसली. "गेला गो मावशी, सगळा गेला. ह्यांची शिफ्ट हाय, आता कोनाला बोलवू?"

"गेला नाही, बसलाय," मी म्हटलं. "मुळं अजून जमिनीत आहेत. शेजाऱ्यांना हाक मार."

शेजारच्या शेतातली माणसं आली, बायकाही आल्या. सगळ्यांनी खांब धरले आणि जो तो आपल्या मनाने ओढायला लागला. एक बाजू आधी उठली, तार ताणली गेली आणि मधल्या ओळीतले वेल मुळांसकट उपटले. मालकीण ओरडली. एकजण म्हणाला हळू, दुसरा म्हणाला जोरात, आणि सायकलवाल्याला दोन्ही कळेना.

मी मांडवाखालून बाहेर निघाले. हे काम माझं होतं. गाडीतल्या घंटीवर एवढ्या माणसांना एकाच वेळी हलवणं आणि एकाच वेळी थांबवणं, यातच माझी सगळी नोकरी सरली. मी घरातून ताट आणि उलथनं आणलं आणि बांधावर चढले.

"ऐका! एक ठोका, थांबायचं. दोन ठोके, उचलायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही!"

सायकलवाल्याला समजावून सांगावं लागलं नाही. "बस में बैठा हूँ, आंटी!" तो म्हणाला.

मी दोन ठोके दिले. मांडव वीतभर उचलला गेला. एक दिला, सगळे थांबले. डॉक्टर वाकून सुटलेले वेल मोकळे करायची, मग बांबूचा टेकू लागायचा आणि मी पुन्हा दोन ठोके द्यायची. असं करत अंधार पडायच्या आत जाळी डोक्याच्या वर गेली. थोडी वाकडी होती, पण उभी होती. डॉक्टरने शेवटच्या तारा पक्कडीने इतक्या सफाईने पिळल्या की शेजारची एक बाई म्हणाली, "हिला दातच काय, दारंपन बसवता येतील."

सकाळी मालकिणीचा नवरा शिफ्टवरून आला. मांडवाला फेरी मारली, वाकडे खांब हलवून पाहिले आणि बायकोला विचारलं, "कुणी उचलला गो?"

"आमी," ती म्हणाली, आणि त्या "आमी"त मीही आहे हे मला न सांगता कळलं.

उपटलेल्या ओळीचं नुकसान झालंच. बाकीचे वेल सावरले आणि आम्ही पुढची तोडणी त्यांच्याखालीच केली. गुडघा बरा झाल्यावर सायकलवाला निघाला. कोलाडपर्यंत सोडायला गेलो, तिघांनी हायवेवरच्या हॉटेलात वडापाव खाल्ले. तो उत्तरेकडे दिसेनासा झाल्यावर डॉक्टरने विचारलं, "दीदी, अब?"

सुट्टी तिची अजून उरली होती, माझी तर संपणारच नव्हती. मी म्हटलं, पेणला गणपतीचे कारखाने आहेत, तिथे हाताला काम असतंच. विचारून बघू.

विचारलं. कारखानदाराने आमच्या दोघींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माती मळायला बसवलं.