गळ्यातला जोडा

चाळीत कुणी विचारलं की मी सांगतो, पोटासाठी मुंबईत राहिलो. खोटं आहे ते. खरं काय, ते आजवर कुणापाशी बोललो नाही.

पासली गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. दर आषाढात गिरणीतून रजा काढून मी भातलावणीला यायचो. त्या वर्षी पायात नवा जोडा होता. कुणा साहेबाचं सामान डोंगरापल्याड न्यायचं होतं, म्हणून पाटलानं घरटी एक माणूस वेठीला धरला होता. मला बघून तो हसला.

"गिरणीनं पाय लई मऊ केलं वाटतं! काढ जोडा. घाल गळ्यात."

मी वडलांकडे पाहिलं. आबा खाली बघत म्हणाले, "घाल, लेकरा. आपल्याला हितं ऱ्हायाचंय."

घातला. डोक्यावर साहेबाची लोखंडी खाट. वाट आमच्याच खाचराच्या बांधावरून. आत शेजारचे राणूकाका, त्यांची माणसं, माझी बायको, सगळी वाकून आमचं भात लावत होती. आमच्याकडे पैरा असतो. आज त्यांनी आमच्यात राबायचं, उद्या आम्ही त्यांच्यात. लावणीचं गाणं थांबलं. एकेक मान वर झाली. बायकोची झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलाचा माणूस पुन्हा दारात.

"चल रं, जोडेवाल्या."

"न्हाई येनार."

एवढंच. त्याच्यासमोर जोडा पायात घातला, बायकोला घेतलं आणि घाटाच्या वाटेला लागलो. मागून आबा म्हणाले, "आन् राणूचा पैरा कोन फेडंल?"

मी वळलो नाही. पुन्हा कधी गेलोही नाही.

घरटी एक माणूस. माझ्या जागी आबा. वेठीलाही, पैऱ्यालाही. पुढं एका लावणीत, ऐन दुपारी, राणूकाकांच्या खाचरात वाकलेले आबा तिथंच चिखलात पडले. मला निरोप पोचला तोवर राख निवली होती.

नकार दिला ते बरंच केलं. आजही देईन. पण नकार माझा होता आणि खाट आबांच्या डोक्यावर गेली. त्यांना सोबत चला म्हणायचं सुचलंसुद्धा नाही मला.

येत्या आषाढात जाणार आहे. चावडीसमोरून जोडा घालून जाईन. राणूकाकांच्या बांधावर तो माझ्या हातानं काढीन. काका असोत, नसोत. आबा पडले त्या दिवसातली दुपारनंतरची लावणी अजून माझ्याकडे बाकी आहे.